स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-संस्था आणि ध्वनीचे जतन : ‘सन’, ‘यंग इंडिया’ आणि पेण-रोहा परिसर

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना कलावंत, घराणी, रचना आणि रसिक यांचा सविस्तर विचार केला जातो. मात्र ज्या संस्थेने ते संगीत तबकडीवर उतरविले, तिचा विचार अपवादानेच होतो. ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी म्हणजे केवळ व्यापारी मध्यस्थ, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः कोणाचा आवाज मुद्रित व्हावा, तो किती मिनिटांत बसावा, कोणत्या गावापर्यंत पोहोचावा आणि पुढील पिढीच्या हाती उरावा की नाही, हे प्रश्न बऱ्याच अंशी या संस्थांनीच सोडविलेले आहेत. विसाव्या शतकात या क्षेत्रावर मोजक्या मोठ्या कंपन्यांचे वर्चस्व होते. त्यांच्या छायेत राहून ज्या लहान संस्थांनी वेगळा मार्ग चोखाळला, त्यांना ‘स्वतंत्र’ ध्वनिमुद्रिका-संस्था म्हटले जाते.

प्रस्तुत लेखात अशा दोन संस्थांचा तुलनात्मक विचार केला आहे. पहिली, अमेरिकेतील मेम्फिस शहरात रॉक अँड रोल या संगीतप्रकाराला आकार देणारी ‘सन रेकॉर्ड्स’. आणि दुसरी, मुंबईतील वडाळा येथे तबकड्या तयार करणारी ‘यंग इंडिया’. दोन्हींचे संगीत, समाज आणि काळ भिन्न आहेत. तथापि मोठ्या कंपनीने ज्यांना दार उघडले नाही त्यांना दार उघडणे, हे दोघींचे कार्य समान होते. या तुलनेतून हाती येणारा निकष रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या परिसराच्या ध्वनिपरंपरेला लावून पाहणे हा लेखाचा अंतिम हेतू आहे.

स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय ?

‘स्वतंत्र’ हे विशेषण सैलपणे वापरले जाते. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाचे चार टप्पे लक्षात घेतल्यास ते अधिक नेमके करता येईल. पहिला टप्पा निवडीचा व मुद्रणाचा, म्हणजे कोणाला गाऊ द्यायचे याचा. दुसरा उत्पादनाचा, म्हणजे तबकड्या छापण्याचा. तिसरा वितरणाचा, म्हणजे त्या दुकानांपर्यंत आणि श्रोत्यांपर्यंत नेण्याचा. चौथा जतनाचा, म्हणजे मूळ ध्वनी सांभाळून ठेवण्याचा. बहुतेक इतिहासकार पहिल्या टप्प्यावरच थांबतात. नवा आवाज कोणी शोधला, हा प्रश्न त्यांना पुरेसा वाटतो. परंतु एखादी संस्था पहिल्या टप्प्यावर स्वतंत्र असूनही उरलेल्या तिन्हींवर परावलंबी असू शकते. तिचे सांस्कृतिक ऋण किती, हे शेवटी चौथ्या टप्प्यावरच ठरते. कारण जो ध्वनी उरलाच नाही, त्याची निवड कितीही धाडसी असली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती निष्फळ ठरते.

‘सन’ : निवडीचे धाडस आणि भांडवलाची मर्यादा

सॅम फिलिप्स यांनी जानेवारी १९५० मध्ये मेम्फिस येथे ७०६, युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर आपले ध्वनिमुद्रणगृह सुरू केले. लग्नसमारंभ, भाषणे, हौशी गायकांची गाणी असे जे येईल ते मुद्रित करून देणे हा त्यांचा व्यवसाय होता. मात्र परिसरातील कृष्णवर्णीय गायक-वादकांचे संगीत मुद्रित करणे हा त्यांचा खरा ओढा होता. आरंभी ही मुद्रणे ते शिकागोच्या ‘चेस’सारख्या संस्थांना देत. १९५१ मधील ‘रॉकेट ८८’ हे बहुचर्चित गीत याच मुद्रणगृहात तयार झाले, पण प्रसिद्ध झाले ते ‘चेस’च्या नावाने. १९५२ मध्ये फिलिप्स यांनी स्वतःची ‘सन’ ही संस्था उभारली. जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांची पहिली तबकडी येथूनच निघाली. जॉनी कॅश, कार्ल पर्किन्स, जेरी ली लुईस आणि रॉय ऑर्बिसन हे गायकही या संस्थेतूनच पुढे आले.

या यशाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. १९५३ मध्ये रूफस थॉमस यांच्या ‘बेअर कॅट’ या गीताने संस्थेला पहिले मोठे यश दिले. ते आधीच्या एका गाजलेल्या गीताचे उत्तर असल्याने स्वामित्वहक्काचा दावा झाला आणि तो ‘सन’च्या विरुद्ध गेला. संस्थेचा स्वतःचा छपाई-कारखाना नव्हता. तिच्या तबकड्या मेम्फिसमधील ‘प्लास्टिक प्रॉडक्ट्स’ या कारखान्यात तयार होत. लहान संस्थेला यशच अडचणीत आणते ते येथे. गीत लोकप्रिय झाले की छपाईचा खर्च आधी करावा लागतो आणि वितरकांकडून पैसा मागाहून येतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी प्रेस्ली यांचा करार ‘आरसीए व्हिक्टर’ या बलाढ्य कंपनीला ३५ हजार डॉलरना दिला. या व्यवहाराची संभावना पुष्कळदा दूरदृष्टीचा अभाव म्हणून केली जाते. परंतु उत्पादन आणि वितरण हे दोन टप्पे हाती नसलेल्या संस्थेपुढे अन्य पर्याय फारसे नव्हते, हे लक्षात घ्यावयास हवे.

‘सन’वरील लेखनाची एक मर्यादाही येथे नोंदविणे आवश्यक आहे. पीटर गुरालनिक यांच्या २०१५ मधील फिलिप्स-चरित्राच्या उपशीर्षकातच त्यांना रॉक अँड रोलचा शोध लावणारा पुरुष म्हटले आहे. हे चरित्र परिश्रमपूर्वक लिहिलेले आहे, यात संशय नाही. पण एका संगीतप्रकाराचा ‘शोध’ एका व्यक्तीच्या नावे लावला की ज्यांच्या गाण्यातून तो उमलला ते गायक, मुद्रणगृहाचे दैनंदिन काम सांभाळणाऱ्या मॅरियन कायस्कर यांच्यासारख्या सहकारी आणि कारखान्यातील कामगार हे सारे पार्श्वभूमीवर ढकलले जातात. प्रेस्ली यांच्या यशानंतर ‘सन’चे लक्ष गोऱ्या गायकांकडे वळले आणि ज्या कृष्णवर्णीय कलावंतांपासून संस्थेचा आरंभ झाला होता ते मागे पडले. रूफस थॉमस यांनी ही खंत पुढे स्पष्टपणे बोलून दाखविली होती. स्वतंत्र संस्थाही बाजाराच्या ओढीपासून मुक्त नसते, हा यातील धडा आहे.

असे असले तरी चौथ्या टप्प्यावर ‘सन’ भाग्यवान ठरली. १९६९ मध्ये फिलिप्स यांनी ही संस्था शेल्बी सिंगलटन यांना विकली. तेथील मुद्रणे चुंबकीय फितीवर झालेली असल्याने फितींचा मोठा संग्रह हस्तांतरित झाला. त्यातून पुढील काळात इंग्लंड आणि जर्मनीतील संस्थांनी पुनःप्रकाशने केली. त्या काळी प्रसिद्ध न झालेली मुद्रणेही अभ्यासकांना उपलब्ध झाली. २०२१ मध्ये हा संग्रह पुन्हा विकला गेला तेव्हा त्याची किंमत सुमारे ३ कोटी डॉलर असल्याचे वृत्त होते. जतन झालेल्या ध्वनीला मूल्य असते आणि ते काळानुसार वाढते, याचा हा ठळक पुरावा होय.

‘यंग इंडिया’ : कारखाना होता, साचे उरले नाहीत

भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ परदेशी कंपनीच्या पुढाकाराने झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांची गाणी मुद्रित केली. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कोलकात्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू केला. तेव्हापासून ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे नाव आणि कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा हे चित्र म्हणजेच गाण्याची तबकडी, असे समीकरण रूढ झाले. मराठीतही ते इतके दृढ झाले की कोणत्याही तबकडीला सरसकट ‘एचएमव्ही’ म्हटले जाई.

या पार्श्वभूमीवर १९३५ मध्ये मुंबईत ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली आणि तिच्या तबकड्या ‘यंग इंडिया’ या नावाने बाजारात आल्या. महात्मा गांधींच्या याच नावाच्या साप्ताहिकाची स्मृती तेव्हाच्या ग्राहकाच्या मनात ताजी असणार, हे सहज समजण्याजोगे आहे. कंपनीचा कारखाना वडाळ्यात होता. ही बाब विशेष महत्त्वाची आहे. त्या काळातील अनेक देशी संस्था गाणी स्वतः निवडत, पण तबकड्या ग्रामोफोन कंपनीकडूनच छापून घेत. ‘यंग इंडिया’ने उत्पादनाचा दुसरा टप्पाही स्वतःच्या हाती ठेवला. ‘सन’ला जे साधले नाही ते या संस्थेने वीस वर्षे आधी साधले होते. १९३५ ते १९५५ या दोन दशकांत तिने चित्रपटगीते, भावगीते, शास्त्रीय संगीत आणि शैक्षणिक स्वरूपाची मुद्रणे मिळून दहा हजारांच्या आसपास शीर्षके प्रसिद्ध केली.

निवडीच्या बाबतीत परिस्थितीनेच तिला वेगळे वळण दिले. नामवंत कलावंत मोठ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने ‘यंग इंडिया’ला प्रामुख्याने नवोदित आणि हौशी कलावंतांवर विसंबावे लागले. यातील सर्वच गायन उच्च प्रतीचे होते, असा दावा कोणी करणार नाही. पण संगीताच्या सामाजिक इतिहासासाठी हीच सामग्री अधिक मोलाची आहे. श्रेष्ठ गायकाची तबकडी एका प्रतिभेची साक्ष देते; हौशी गायकाची तबकडी त्या काळी सर्वसाधारणपणे कसे गायिले जाई, उच्चार कसे होते, पेटी आणि तबल्याची साथ कशी असे, कोणत्या चालींचे अनुकरण होई, याची साक्ष देते. एकीविना दुसरी अपुरी आहे.

जतनाच्या टप्प्यावर मात्र चित्र पालटते. त्या काळातील पद्धतीनुसार गाणे मेणाच्या तबकडीवर मुद्रित होई, त्यावरून विद्युत्-क्रियेने धातूचा साचा तयार केला जाई आणि त्या साच्याने लाखमिश्रित तबकड्या छापल्या जात. साचा असेपर्यंत गाणे पुन्हा छापता येते. ‘यंग इंडिया’चे साचे आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे संस्था बंद पडल्यावर तिची गाणी ध्वनिफितीवर किंवा पुढील माध्यमांवर मूळ स्रोतातून पुनःप्रकाशित होऊ शकली नाहीत. ती उरली ती केवळ संग्राहकांच्या घरातील तबकड्यांमध्ये. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांसाठीच्या कार्यक्रमाच्या साहाय्याने या विखुरलेल्या तबकड्यांचा शोध घेतला. निरनिराळ्या ठिकाणच्या संग्राहकांकडील तबकड्या आणि सूचिपत्रे यांच्या अंकीय प्रती तयार झाल्या. एका संस्थेचा इतिहास तिच्या दप्तरातून नव्हे, तर तिच्या ग्राहकांच्या माळ्यावरून गोळा करावा लागला, हे या प्रकरणातील कटू सत्य आहे.

इतिहासलेखनातील एकांगीपणा

या दोन उदाहरणांवरून इतिहासलेखनातील एक दोष स्पष्ट होतो. ज्या कंपनीचे दप्तर टिकते तिचाच इतिहास पुढे संपूर्ण संगीताचा इतिहास म्हणून स्वीकारला जातो. मराठी भावगीताच्या आरंभकाळाविषयी जी. एन. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आत्मकथन अत्यंत वाचनीय आणि विश्वसनीय साधन आहे. स्वतः गायक आणि पुढे ‘एचएमव्ही’चे अधिकारी अशी दुहेरी भूमिका लाभल्याने त्यांनी पाहिलेले जग अन्य कोणाला पाहता आले नसते. परंतु ते जग मोठ्या कंपनीच्या दालनातून दिसणारे आहे, ही त्याची स्वाभाविक सीमा आहे. वडाळ्याच्या कारखान्यातून दिसणारे जग कोणी लिहिले नाही. त्यामुळे मराठी गायनाच्या परंपरेविषयी केलेली अनेक विधाने वस्तुतः एका कंपनीच्या सूचिपत्राविषयीची विधाने असतात. हा भेद अभ्यासकांनी कटाक्षाने पाळावयास हवा.

आणखी एक मुद्दा माध्यमाच्या मर्यादेचा आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. ख्यालगायकाने आपला विस्तार आवरला, भावगीताने तीन मिनिटांचा घाट स्वीकारला. पण ज्या गाण्याला ठरावीक आरंभ-शेवटच नाही, जे विधीबरोबर चालते आणि विधीबरोबरच थांबते, ते या चौकटीत बसणे कठीण होते. स्वतंत्र संस्थाही या चौकटीपलीकडे जाऊ शकल्या नाहीत. येथेच पेण-रोहा परिसराचा प्रश्न उपस्थित होतो.

पेण-रोहा परिसर : मुद्रणाबाहेर राहिलेला ध्वनी

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके मुंबईपासून फार दूर नाहीत. खाडीकाठची आगरी-कोळी वस्ती, डोंगरातील कातकरी आणि ठाकूर वाड्या, भातशेती करणारी गावे आणि बाजारपेठेची शहरे असा मिश्र समाज येथे नांदतो. त्यांच्या गायनाचे प्रकारही तितकेच विविध आहेत. आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण स्त्री गाण्यातून पार पाडते. हळद, मांडव, वरात या प्रत्येक टप्प्याची गाणी वेगळी असतात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विवाहप्रसंगी गावयाच्या गीतांचे ‘धवळे’ हे नाव आणि खाडीकाठच्या लग्नमांडवातील ‘धवलारीण’ हे नाव यांतील नाते भाषाभ्यासकांनी आणि संगीताभ्यासकांनी एकत्र तपासण्याजोगे आहे. त्याशिवाय गौरी-गणपतीची गाणी, बाल्यानाच, भजनी मंडळांच्या चाली आणि आदिवासी वाड्यांवरील नृत्यगीते आहेतच.

मुंबईतील तबकड्यांच्या कारखान्यापासून इतक्या जवळ असूनही हा ध्वनी मुख्यतः मुद्रणाबाहेर राहिला. त्याचे एक कारण वर सांगितलेली वेळेची चौकट हे आहे. दुसरे, ग्रामोफोन विकत घेऊ शकणारा ग्राहक मुख्यतः शहरी मध्यमवर्गातील होता, हे आहे. विधी गाणाऱ्या स्त्रीला कलावंत म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हाच्या व्यवसायात नव्हती, हेही कारण दुर्लक्षिता येणार नाही. पेणच्या गणेशमूर्तींना परदेशापर्यंत बाजारपेठ लाभली. त्याच मूर्तीपुढे रात्री म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांना मात्र नोंदवहीतील एक ओळही लाभली नाही.

१९८० नंतर कॅसेटचे युग आले. मुद्रणाचा आणि प्रती काढण्याचा खर्च एकदम उतरला आणि मोठ्या कंपनीची मक्तेदारी अल्पावधीत ढासळली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे. लहान निर्मात्यांमुळे बोलीभाषेतील आणि प्रादेशिक संगीताला वाव मिळाला, हे त्यांचे प्रतिपादन कोकणच्या किनारपट्टीलाही लागू पडते. कोळीगीते आणि आगरी गीते यांच्या कॅसेट निघाल्या, त्या लग्नाच्या मांडवात आणि नाक्यावरच्या दुकानात वाजू लागल्या. तासाभराची कॅसेट तीन मिनिटांच्या बंधनातून मुक्त होती. तरीही निर्मात्यांचा कल नाचाच्या ठेक्याकडे राहिला. धवलारणीचे संथ, दीर्घ गाणे त्यात क्वचितच आले. ‘सन’च्या बाबतीत दिसलेली बाजाराची ओढ येथेही दिसते.

तरीसुद्धा या कॅसेट म्हणजे या परिसराच्या बोलीचा, विनोदाचा आणि वाद्यमेळाचा महत्त्वाचा ध्वनिरूप दस्तऐवज आहे. आज त्यांची अवस्था ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांहून बिकट आहे. लाखेची तबकडी ठिसूळ असली तरी कोरड्या जागी अनेक दशके टिकते. चुंबकीय फितीला उष्णता आणि दमट हवा मानवत नाही आणि कोकणातील पावसाळा तर तिचा शत्रूच. शिवाय कॅसेट वाजविणारी यंत्रेही घराघरांतून नाहीशी झाली आहेत.

महाविद्यालयांची भूमिका

हे काम केवळ महानगरातील संस्थांवर सोपवून चालणार नाही. पुण्याचे गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्या कोणत्याही ध्वनिमुद्रिका-संस्थेच्या आधाराविना. कंपनीने जे केले नाही ते अभ्यासक करू शकतात, याचे हे उदाहरण आहे. पेण-रोहा परिसरातील महाविद्यालयांना मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांचे विद्यार्थी याच गावांतून लाभतात. दिवाळीच्या सुटीतील एका प्रकल्पातून घरोघरीच्या तबकड्या आणि कॅसेट यांची यादी करणे कठीण नाही. यादीत संस्थेचे नाव, तबकडीचा क्रमांक, गायक आणि वादकांची नावे, भाषा वा बोली, ती कोणत्या गावात आणि कोणत्या प्रसंगी वाजविली जाई, एवढ्या नोंदी असल्या तरी ती पुढील संशोधनाचा पाया ठरेल. जिवंत गायनाचे नवे मुद्रण करताना धवलारणीची संमती घेणे, तिचे नाव नोंदविणे आणि प्रत तिच्या हाती देणे ही किमान नैतिक अट मानावयास हवी.

कायद्याची अडचणही समजली जाते तितकी मोठी नाही. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे ‘यंग इंडिया’च्या १९५५ पर्यंतच्या मुद्रणांवरील हा हक्क २०१५ अखेर संपला आहे. शब्द आणि संगीतरचना यांचे हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात, हे विसरता कामा नये. कॅसेटयुगातील मुद्रणे अद्याप संरक्षित आहेत. तथापि २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील प्रतीची जतनासाठी अंकीय साठवण करण्याची मुभा दिली आहे. महाविद्यालयाने गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या सहकार्याने हे काम हाती घेतल्यास ते अधिक सुकर होईल.

निष्कर्ष

‘सन’ आणि ‘यंग इंडिया’ यांच्या तुलनेतून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, स्वतंत्र संस्थेचे महत्त्व तिने घडविलेल्या तारकांपुरते मर्यादित नसून मोठ्या कंपनीने वगळलेल्या सामान्य आवाजांना तिने दिलेल्या जागेत आहे. दोन, कारखाना हाती असणे म्हणजे भविष्य हाती असणे नव्हे. कारखाना नसलेल्या ‘सन’चा ध्वनी फितींमुळे टिकला, कारखाना असलेल्या ‘यंग इंडिया’चा ध्वनी साच्यांअभावी विखुरला. तीन, स्वतंत्र संस्थाही बाजार आणि माध्यम यांच्या चौकटीत काम करतात. म्हणून त्यांनी जे मुद्रित केले नाही त्याचाही हिशेब इतिहासाने मांडला पाहिजे.

‘यंग इंडिया’च्या तबकड्या शोधण्यास संस्था बंद पडल्यानंतर सुमारे अर्धशतकाने आरंभ झाला, आणि तरीही काही हाती लागले, कारण लाख टिकाऊ होती. पेण-रोहा परिसरातील फितींना आणि धवलारणीच्या स्मरणात असलेल्या गाण्यांना तितकी मुदत नाही. फीत बुरशीने जाईल आणि गाणे गाणारीबरोबर जाईल. त्यापूर्वी यादी करणे, ऐकणे आणि नोंदवून ठेवणे हे या परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.